जुन्या विमानांचे पाय



विमान म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे आधी पंख उभे राहतात, त्यामागून इंजिन येते आणि शेवटी ते हाकणारा वैमानिक. विमानाच्या पायांची आठवण सहसा कोणाला होत नाही. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. विमान आकाशात असते तेव्हा पाय म्हणजे त्याला निव्वळ ओझे. ते हवेला अडवतात, वेग खातात आणि वजनात भर घालतात. तरीही प्रत्येक उड्डाणाचा आरंभ आणि शेवट याच पायांवर होतो. पन्नास, साठ, किंवा नव्वद वर्षांच्या हलक्या विमानाला जी इजा होते, ती बहुधा आकाशात होत नाही. ती जमिनीला टेकताना किंवा टेकल्यानंतरच्या काही क्षणांत होते. म्हणून अशा विमानांचे जतन करू पाहणाऱ्याने सर्वप्रथम त्यांच्या पायांचा विचार केला पाहिजे.

चाके, त्यांचे आस, चाकांना विमानाच्या धडाशी जोडणारे दांडे, धक्का सोसणारी साधने, ब्रेक आणि शेपटीखालचे लहानसे चाक, या सर्वांना मिळून ‘लँडिंग गिअर’ असे म्हणतात. मराठीत त्यांना विमानाचे पाय म्हटल्याने अर्थाची काही हानी होत नाही. हे पाय दुरुस्त कसे करतात, त्यांत सुधारणा कोणत्या करतात, आणि सुधारणा करावी की करू नये हे कसे ठरवावे, असे या व्याख्यानाचे तीन भाग आहेत. तिसरा भाग सर्वांत अवघड आहे. परंतु पहिले दोन समजल्यावाचून त्याच्याकडे वळता येत नाही.

प्रथम पायांवर पडणारा भार किती असतो ते पाहू. अमेरिकेतील नियमांनी हलक्या विमानांसाठी अशी अट घातलेली होती की, सेकंदाला ७ ते १० फूट या वेगाने विमान खाली आले, तरी पायांनी तो धक्का सोसला पाहिजे. सेकंदाला ७ फूट हा वेग ऐकायला किरकोळ वाटतो. एखादी वस्तू सुमारे एक वीत उंचीवरून सोडली, तर जमिनीला टेकताना तिला हाच वेग प्राप्त होतो. १० फुटांचा वेग यायला सुमारे एक हात उंची लागते. परंतु ही वस्तू म्हणजे भाजीची पिशवी नव्हे. ‘पायपर जे-३ कब’ हे अत्यंत लोकप्रिय हलके विमान पूर्ण भारानिशी सुमारे ५५० किलोचे असते. एवढे ओझे वीतभर उंचीवरून पडले आणि दोन सेंटिमीटरांत थांबले, तर त्याच्या वजनाच्या सुमारे बारापट बल सांगाड्यावर येईल. तेच ओझे पंधरा सेंटिमीटरांत हळूहळू थांबवले, तर ते बल अडीचपटीवर येते. उतरताना पंख विमानाला अंशत: उचलून धरत असल्याने प्रत्यक्षात भार याहून कमी असतो, पण तत्त्व तेच राहते. पायांचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे: थांबायला जागा द्या, म्हणजे सांगाडा वाचेल.

आता जमिनीकडे वळू. जुन्या विमानांचे पाय त्या काळच्या जमिनीसाठी घडवलेले होते, ही गोष्ट आज सहज विसरली जाते. १९३१ साली प्रथम उडालेले ‘ड हॅविलंड टायगर मॉथ’ हे शिकाऊ विमान याचे उत्तम उदाहरण होय. त्याला ब्रेक नव्हते. शेपटीखाली चाक नव्हते, तर एक घसरदांडी होती. आजच्या वाचकाला ही उणीव वाटेल. पण त्या काळी विमानतळ म्हणजे गवताचे विस्तीर्ण मैदान असे. वारा ज्या दिशेने येई, त्या दिशेला तोंड करून वैमानिक मैदानाच्या कोणत्याही भागात उतरे. आडव्या वाऱ्याचा प्रश्न त्यामुळे फारसा उद्भवत नसे. घसरदांडी मातीत रुतून विमानाला मागे ओढी आणि त्याची दिशाही सरळ राखी. ब्रेकचे काम गवत आणि माती मिळून करीत.

मुंबईकरांना याचे एक जवळचे उदाहरण आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते ‘पस मॉथ’ या हलक्या विमानातून. जुहूचे मैदान तेव्हा समुद्राकाठची चिखलाची सपाट जमीन होती. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि विमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. या पस मॉथच्या पायांची एक गंमत होती. धक्का सोसणाऱ्या दांड्यावरचे आवरण नव्वद अंशांतून फिरवून हवेला आडवे धरता येई, आणि त्यामुळे उतरताना विमानाचा वेग मंदावे. पाय हे आकाशात ओझेच असेल, तर त्या ओझ्याकडूनही काम करून घ्यावे, हा विचार त्यामागे होता.

पुढे जमीन बदलली. विमाने जड झाली, पावसापाण्यातही नियमित वाहतूक हवीशी झाली, आणि गवताच्या मैदानांची जागा काँक्रीटच्या व डांबराच्या अरुंद धावपट्ट्यांनी घेतली. धावपट्टी एकाच दिशेला असते. वारा मात्र कोणाची आज्ञा पाळत नाही. त्यामुळे आडव्या वाऱ्यात उतरणे नित्याचे झाले. गवतावर चाक थोडे तिरके पडले तर ते घसरून आपोआप सरळ होते. काँक्रीटवर ते घट्ट पकड घेते आणि सारा ताण पायाच्या सांध्यावर जातो. पोलादी घसरदांडी काँक्रीटवर झिजून जाते आणि दिशा राखण्याच्या कामी तिचा उपयोग राहत नाही. तात्पर्य, जुन्या विमानांच्या पायांत आज ज्या सुधारणा केल्या जातात, त्यांतील बऱ्याचशा विमानाच्या दोषामुळे नव्हे, तर बदललेल्या जमिनीमुळे कराव्या लागतात.

शेपटीवर बसणाऱ्या विमानांचा आणखी एक स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. अशा विमानाची मुख्य चाके पुढे असतात आणि गुरुत्वमध्य त्यांच्या मागे असतो. त्यामुळे जमिनीवर धावताना विमान किंचित वळले, तर मागचे वजन त्याला आणखी वळवू पाहते. वैमानिकाने वेळीच सावरले नाही, तर विमान गर्रकन स्वत:भोवती फिरते, बाहेरच्या बाजूच्या पायावर प्रचंड आडवा भार येतो, आणि कित्येकदा तो पाय मोडतो. चाके गुरुत्वमध्याच्या जवळ आणली तर हा धोका कमी होतो. पण मग ब्रेक लावताच विमान नाकावर पडण्याची भीती वाढते. चाके पुढे सरकवली तर नाक वाचते, परंतु फिरण्याची प्रवृत्ती बळावते. एका बाजूने घेतले की दुसऱ्या बाजूने द्यावेच लागते. हा हिशेब रचनाकाराने एकदा मांडलेला असतो, आणि पायांत फेरबदल करणाऱ्या प्रत्येकाला तो पुन्हा मांडावा लागतो.

धक्का सोसण्याचे तीन मार्ग जुन्या हलक्या विमानांत विशेषत्वाने आढळतात. पहिला रबराचा. कब विमानाचे पाय पोलादी नळ्यांचे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे असतात आणि धडाच्या खालच्या कडेला बिजागरीसारखे जोडलेले असतात. धडाखाली मध्यभागी दांड्यांवर रबरी दोरांची वेटाळी ताणून बसवलेली असतात. चाके बाहेरच्या बाजूला फाकली की हे दोर ताणले जातात. ही रचना स्वस्त, हलकी आणि समजायला सोपी आहे. परंतु रबर घेतलेली शक्ती बव्हंशी परत करते. म्हणून चुकीच्या वेळी टेकलेले कब चेंडूसारखे उसळते. शिवाय रबराला आयुष्य असते. ऊन, तेल आणि पेट्रोल हे त्याचे शत्रू. चांगल्या प्रतीच्या दोराच्या सुती वेष्टनात रंगीत धागे विणलेले असतात. त्यांच्या रंगांवरून दोर कोणत्या वर्षी आणि वर्षाच्या कोणत्या तिमाहीत तयार झाला हे ओळखता येते. अनुभवी कारागीर दोराच्या दिसण्यावर विसंबत नाही. तो आधी धाग्यांचे रंग पाहतो. दोर तुटला तर पाय एकदम फाकून विमान पोटावर बसू नये, यासाठी त्याच्या जोडीला पोलादी तारेचा सुरक्षा-दोर बसवण्याची पद्धतही आहे. या छोट्याशा भरीने मूळ रचनेला धक्का लागत नाही आणि जीव मात्र वाचतात.

दुसरा मार्ग तेलाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत निघालेल्या ‘एरॉन्का चॅम्पियन’ विमानाच्या पायांत स्प्रिंगच्या जोडीला तेल असते. पाय दाबला गेला की तेल बारीक छिद्रातून ढकलले जाते आणि धक्क्याची शक्ती उष्णतेत रूपांतरित होऊन नाहीशी होते. म्हणून हे विमान कबसारखे उसळत नाही. पण तेल ठेवायचे म्हणजे ते गळणार नाही याची काळजी घेणे आले. तेल कमी झाले, तर बाहेरून पाय जसाच्या तसा दिसतो. आत मात्र लोखंडावर लोखंड आदळत राहते आणि जोड हळूहळू खिळखिळे होतात. अशा विमानाची दुरुस्ती पुष्कळदा पाय मोडल्यावर नव्हे, तर जमिनीवर तेलाचा पहिला डाग दिसल्यावरच सुरू व्हायला हवी.

तिसरा मार्ग पोलादी पाट्याचा. शर्यतीची विमाने स्वत: बांधणारे आणि उडवणारे स्टीव्ह विटमन या अमेरिकी रचनाकाराने स्प्रिंग-पोलादाचा एकच सपाट पाटा पायासारखा वापरला. बिजागरी नाही, रबर नाही, तेल नाही. मोटारीच्या पाट्याप्रमाणे तो वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. सेस्ना कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९४६ पासून विकल्या गेलेल्या ‘सेस्ना १२०’ व ‘सेस्ना १४०’ या विमानांना असे पाय बसवले. या पायात झिजण्यासारखे फारसे काही नसते. परंतु त्याचा एक गुण तोच त्याचा दोष ठरू शकतो. पाटा इतका चिवट असतो की जबरदस्त आपटले तरी तो स्वत: बहुधा शाबूत राहतो आणि सारा भार धडातल्या ज्या पेटीवजा जोडात त्याला आवळलेले असते तिच्यावर टाकतो. म्हणून सेस्नाच्या कठीण अवतरणानंतर शहाणा तपासनीस पाटा पाहून थांबत नाही. तो आतली फरशी उघडून त्या पेटीचे पत्रे आणि रिव्हेट पाहतो. पाट्यावर ओरखडा असेल तर तो घासून गुळगुळीत करायचा असतो, कारण तडा ओरखड्यापासूनच सुरू होतो. उष्णतेची प्रक्रिया केलेल्या त्या पोलादावर वेल्डिंग मात्र कदापि करायचे नसते. एका ठिकाणच्या आंचेने त्याचे सारे बळ निघून जाते.

आता दुरुस्तीच्या कामाकडे वळू. नळ्यांच्या पायांचा मुख्य शत्रू गंज. पाणी नळीत वरून शिरते आणि खालच्या टोकाशी साचते. म्हणून बाहेरून नवा रंग दिलेली, चकचकीत दिसणारी नळी तळाशी आतून कागदासारखी पातळ झालेली असू शकते. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत हे अधिक वेगाने घडते. त्यामुळे तपासणीची सुरुवात नळीच्या खालच्या टोकापासून करतात; रंग खरवडून, टोकदार हत्याराने दाबून, आणि संशय असेल तेथे ध्वनिलहरींच्या साहाय्याने जाडी मोजून. जोडांवरचे बारीक तडे डोळ्यांना दिसत नाहीत. पोलादी भाग चुंबकित करून त्यावर लोहचूर्ण टाकले, की तड्याच्या रेषेवर ते जमून राहते. ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही. तेथे रंगीत भेदक द्रव लावून पुसतात, आणि तड्यात शिरलेला रंग नंतर वर येऊन आपली जागा दाखवतो.

गंजलेला किंवा वाकलेला भाग कापून त्या जागी नवी नळी जोडायची असते, तेव्हा काप काटकोनात घेत नाहीत. तिरका काप घेऊन, किंवा माशाच्या जबड्यासारखी दोन्ही टोके कापून, आत वा बाहेर नळीचा जोडतुकडा बसवून वेल्डिंग करतात. त्यामुळे जोडाची रेषा एका वर्तुळात न राहता लांबवर पसरते आणि भारही पसरतो. वेल्डिंगनंतर पोलाद आपले आपण निवू द्यायचे असते. पाणी मारणे तर दूरच, वाऱ्याची झुळूकही त्या वेळी नको असते, कारण एकाएकी थंड झालेले मिश्रपोलाद ठिसूळ होते. शेवटी नळीच्या आत जवसाचे कढत तेल किंवा गंजरोधक द्रव फिरवून छिद्रे बंद करतात. जोड बाहेर दिसतो, हे तेल दिसत नाही. पण पुढची वीस वर्षे तेच काम करते.

बोल्ट आणि बुश यांचे महत्त्वही कमी नाही. बिजागरीवर हजारो वेळा फिरलेला बोल्ट झिजतो आणि त्याचे भोक लंबगोल होते. पाय हलवून पाहिला तर थोडीशी खडखड ऐकू येते, एवढेच. पण त्या खडखडीमुळे प्रत्येक धक्का हातोड्याच्या घावासारखा बसू लागतो. अशा ठिकाणी भोक योग्य मापाचे करून नवा बुश बसवावा लागतो. झिजलेल्या पोलादी भागावर क्रोमियमचा किंवा कॅडमियमचा मुलामा देण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात एक छुपा धोका आहे. मुलामा देताना निर्माण झालेला हायड्रोजन उच्च बळाच्या पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. मग भाग कामाला लावल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, विशेष भार नसतानाही, तो तडकतो. म्हणून मुलाम्यानंतर लवकरात लवकर असा भाग सुमारे १९० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत काही तास ठेवून तो हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. ही पायरी गाळली तर दुरुस्त केलेला भाग जुन्या, झिजलेल्या भागापेक्षाही अधिक धोकादायक ठरतो.

दुरुस्तीच्या अखेरीस चाकांची रेषा तपासतात. दोन्ही चाके एकमेकांना समांतर हवीत. हे पाहण्यासाठी चाकांखाली ग्रीस लावलेले दोन-दोन पत्रे ठेवतात, म्हणजे पाय आपल्या सहज जागी येऊन बसतात. मग लांब सरळ पट्टी आणि गुण्या लावून फरक मोजतात. चाके आत किंवा बाहेर वळलेली असली, तर टायर झिजतात हे तर खरेच, पण त्याहून वाईट म्हणजे विमान जमिनीवर एका बाजूला ओढ घेऊ लागते. शेपटीच्या चाकाचेही असेच आहे. त्याचा पाटा जुना होऊन सपाट झाला, की चाक ज्या खुंटीवर फिरते तिचा कल बिघडतो आणि धावताना चाक थरथरू लागते. कित्येकदा महागडे नवे चाक आणले जाते, आणि दोष असतो स्वस्त पाट्यात.

येथवर दुरुस्तीचे झाले. सुधारणेचे क्षेत्र निराळे आहे. दुरुस्ती म्हणजे वस्तू जशी होती तशी पुन्हा करणे. सुधारणा म्हणजे ती जशी कधी नव्हती तशी करणे. सर्वांत नेहमीची सुधारणा ब्रेकची. १९४० च्या दशकातील अनेक विमानांच्या ब्रेकमध्ये पिंपाच्या आत रबरी नळी फुगून ठोकळ्यांना बाहेर ढकलीत असे. या नळ्या आता मिळेनाशा झाल्या आहेत. म्हणून मालक चकती-ब्रेक बसवतात. चकती-ब्रेक निश्चितच चांगले. परंतु दुबळ्या ब्रेकच्या भरवशावर ज्या विमानाच्या चाकांची जागा ठरवली होती, त्याला एकाएकी समर्थ ब्रेक मिळाले, तर घाबरलेल्या वैमानिकाच्या एका टाचेसरशी ते नाकावर उभे राहू शकते. हा धोका फार पूर्वीच ओळखला गेला होता. कॅनडात बांधलेल्या टायगर मॉथला ब्रेक आणि शेपटीचे चाक देण्यात आले, तेव्हा रचनाकारांनी मुख्य चाकेही पुढे सरकवली. ब्रेक ही एक सुधारणा नव्हती. ती दोन सुधारणांची जोडी होती, आणि त्यांतील एक गाळून चालले नसते.

सेस्ना १४० च्या बाबतीत मालकांनी हीच गोष्ट दुसऱ्या मार्गाने साधली. पाटा आणि आस यांच्यामध्ये एक ठोकळा बसवून त्यांनी चाके काही इंच पुढे नेली. नाकावर पडणे कमी झाले. पण आता चाक पाट्याच्या रेषेत राहिले नाही, म्हणून प्रत्येक धक्क्यात पाटा पिळला जाऊ लागला आणि तो पीळ शेवटी धडातल्या त्याच पेटीवर जाऊन पडला. कारखान्याने पुढे पाटाच मुळापासून पुढे झुकलेला घडवला, तेव्हा हा प्रश्न अधिक नीटपणे सुटला. अलास्कातील वैमानिकांनी नदीकाठच्या गोट्यांवर उतरण्यासाठी ‘सुपर कब’ला फुग्यासारखे अजस्र टायर आणि लांब पाय लावले. त्यांच्या जमिनीसाठी ती सुधारणा योग्यच होती. तेच टायर काँक्रीटच्या धावपट्टीवरच्या विमानाला केवळ शोभेसाठी लावणे म्हणजे वजन आणि हवेचा विरोध विकत घेणे होय.

या सर्व उदाहरणांतून एक नियम निघतो. पाय ही साखळी आहे: टायर, चाक, आस, दांडा, सांधा, धड. साखळीची एक कडी बळकट केली, तर भार नाहीसा होत नाही. तो पुढच्या कडीकडे जातो. जुन्या विमानात पायाचा दांडा वाकतो, तो बदलला की काम भागते. तोच दांडा दुप्पट जाड केला, तर पुढल्या खेपेस धडाची मुख्य नळी वाकेल, आणि तिच्यासाठी सारे विमान उघडावे लागेल. काही भाग मोडण्यासाठीच असतात. त्यांना न मोडणारे करणे ही सुधारणा नव्हे.

म्हणूनच अशा फेरबदलांना परवानगीची गरज असते. अमेरिकेत त्यासाठी मूळ नमुन्याला पूरक असे स्वतंत्र प्रमाणपत्र देतात. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते. कागदपत्रांचा हा व्याप जाचक वाटतो खरा. परंतु जुन्या विमानांची कंपनी पुष्कळदा अस्तित्वातच उरलेली नसते किंवा तिने तो धंदा केव्हाच सोडलेला असतो. एरॉन्काने १९५१ साली हलकी विमाने बांधणे थांबवले. मूळ रचनाकाराला जाऊन विचारावे, अशी सोय राहिलेली नाही. त्याने केलेला हिशेब कोणीतरी पुन्हा तपासला आहे, याची ग्वाही तो कागद देतो.

भारतापुरते बोलायचे तर या विषयाला येथे पुरेसा इतिहास आहे. टायगर मॉथवर भारतीय वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या. १९५१ साली बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्यात ‘एचटी-२’ हे शिकाऊ विमान प्रथम उडाले आणि हवाई दलात पुढे त्याने टायगर मॉथची जागा घेतली. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. त्यांनी जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केले होते. त्याच कारखान्याचे ‘पुष्पक’ हे विमान १९५८ साली उडाले. त्याची रचना एरॉन्का कंपनीच्या ‘चीफ’ विमानावर आधारलेली होती आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत ते वापरले गेले. भारतीय हवाई दलाने ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलेले एक टायगर मॉथ ऑक्टोबर २०१२ मध्ये हिंडन येथील हवाई दल दिनाच्या समारंभात उडाले. अशी आणखी विमाने उडती व्हायची, तर पायांची विद्या जाणणारे हात येथेही तयार व्हावे लागतील.

अखेरचा प्रश्न जतनाचा. इतिहासप्रेमी म्हणतो, मूळ रचनेला हात लावू नका. वैमानिक म्हणतो, जिवाशी खेळू नका. दोघांचेही खरे आहे. इंग्लंडमधील ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहाने यातून एक मार्ग दाखवला आहे. तेथे फार जुनी विमाने आजही उडतात. पण ती गवतावरून उडतात, आणि वारा शांत असेल तेव्हाच त्यांतील नाजूक विमाने बाहेर काढतात. त्यांनी विमान जमिनीसाठी बदलले नाही; विमानाला मानवणारी जमीन आणि वेळ राखली. हे प्रत्येकाला शक्य नाही. ज्याच्या गावी एकच डांबरी धावपट्टी आहे, त्याला घसरदांडीऐवजी शेपटीचे चाक लावावेच लागेल, आणि त्यात इतिहासाचा अपमान नाही.

तेव्हा पायांत फेरबदल करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. हे विमान कोणत्या जमिनीवर उतरणार आहे? वाढवलेले बळ साखळीतील कोणत्या पुढच्या कडीवर भार टाकणार आहे? आणि उद्या कोणाला हा बदल काढून मूळ रूप परत आणायचे झाले, तर ते शक्य राहील काय? तिसऱ्या प्रश्नासाठी काढलेला प्रत्येक मूळ भाग खूणचिठ्ठी बांधून ठेवावा, आणि काय केले, का केले, कोणत्या तारखेला केले, याची नोंद विमानाच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहावी. नव्वद वर्षांचे विमान आजवर अनेकांच्या हातांतून गेलेले असते आणि पुढेही जाणार असते. ज्या कारागिराला ते उद्या उघडावे लागेल, त्याला आधीच्या माणसाने काय विचार केला होता हे कळण्याचे दुसरे साधन नाही. नोंद नसलेली उत्तम दुरुस्ती त्याच्यापुढे कोडे म्हणून उभी राहते. आणि त्या कोड्याची किंमत एखाद्या वाऱ्याच्या दुपारी, त्या पायांवर विश्वासून खाली येणाऱ्या वैमानिकाला मोजावी लागते.